गिरणीवरचा दवाखाना

आता मुरुडला आमची जागा ऐसपैस आहे. पांढऱ्या भिंती, मऊ उजेड, आवाज आत येऊ नये म्हणून जाड पडदे. येणाऱ्यांना बरं वाटतं. मला मात्र तिथे बसल्या बसल्या बोर्ली पंचतनच्या बाजारातली पिठाच्या गिरणीवरची खोली आठवते आणि त्या गुळगुळीत पडद्यांचा उगाच राग येतो.

बोर्लीत आम्हाला कुणी जागा देईना. आम्ही दोघी मैत्रिणी मानसशास्त्र शिकून आलेल्या. ज्यांच्या मेंदूची घडणच वेगळी आहे अशी मुलं, मोठी माणसं, आणि मन थकलेलं कुणीही, सगळ्यांसाठी दार उघडं ठेवायचं असं ठरवलेलं. घरमालक सगळं ऐकून घ्यायचे, चहा पाजायचे आणि शेवटी हळूच विचारायचे, "म्हणजे वेड्यांचाच दवाखाना ना?" गिरणीवाल्या मावशींनी एका शब्दाने काही विचारलं नाही. "वर कोणी टिकत न्हाय, आवाज हाय," एवढं म्हणाल्या आणि चावी हातात ठेवली.

पीठ सगळीकडे असायचं. फायलींवर, पंख्यावर, माझ्या काळ्या ओढणीवर. दुपारी तांदळाच्या गरम पिठाचा वास जिन्यावरून वर यायचा आणि भूक लागायची. उन्हाळ्यात खाली मिरची कुटायला घेतली की वर सगळं बोलणं शिंकांमधूनच चालायचं. भांडून आलेले नवरा-बायको एकमेकांना रुमाल देत घरी जायचे. त्यात आमचं श्रेय किती आणि मिरचीचं किती, देव जाणे.

माझी मैत्रीण 'धांदरट, वेंधळी' असा ओरडा खातच मोठी झालेली. हा आळस नाही, आपल्या लक्षाची तऱ्हाच निराळी आहे, हे तिला कॉलेजात गेल्यावर कळलं. आता ती हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची आणि सांगता सांगता चहाचा कप शोधायची, जो तिच्याच हातात असायचा. मी दुसऱ्या टोकाची. पेन इकडचं तिकडे झालं तरी माझं डोकं फिरतं. आमचं रोज वाजायचं. पण समोर माणूस बसलं की तिच्यासारखं ऐकणारं मी दुसरं कुणी पाहिलेलं नाही.

दर गुरुवारी एक आई लेकीला घेऊन एसटीने यायची. आई किनाऱ्यावरच्या एका वाडीतली, सुकी मासळी विकणारी. लेक तिशीची, अजिबात न बोलणारी. पहिल्याच दिवशी आईने आम्हाला बजावलं, "बाय, बोलाया शिकवू नका तिला. मला येवढंच सांगा, माज्या माघारी हिचं कसं व्हायचं?"

हाच प्रश्न ती दर वेळी उठताना विचारायची. तिचा मुलगा उरणला होता, बंदरातले कंटेनर वाहणारा ट्रेलर चालवायचा. त्याला एकदा बोलवू या म्हटलं की आई घाईघाईने म्हणायची, "त्याला नको. त्याला त्याचा संसार हाय." मुलगा कसा असेल ते आम्ही तेवढ्यावरून ओळखलं आणि विषय सोडून दिला.

लेक जिना चढून यायची आणि दाराशीच उभी राहायची. न बोलता सांगता यावं म्हणून चित्रांची कार्डं पुढे केली तर हात मागे घ्यायची. आम्ही आमच्या शिकलेल्या डोक्यांनी निष्कर्ष काढला की हिला गिरणीचा आवाज सोसत नाही. मावशींना गळ घातली. गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन त्यांनी गुरुवारी दुपारी गिरणी बंद ठेवली. आम्ही दोघी मोठा पराक्रम केल्यासारख्या त्या शांत खोलीत वाट बघत बसलो.

लेक आली. थांबली, कानोसा घेतला आणि आल्या पावली जिना उतरून गेली. आम्ही मागे धावलो. खाली ती बंद गिरणीवर तळहात टेकवून उभी होती. मावशींनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. गिरणी घरघरायला लागली तशी ती हसली. तिला हसताना आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

"हिच्यासाठी म्हणून शांतता केली आणि हिलाच घालवून दिलं," मैत्रीण म्हणाली, आणि आम्ही दोघी पीठ सांडलेल्या त्या जमिनीवर बसून पोट धरून हसलो. तेव्हापासून गुरुवारी आमचं काम खाली, पोत्यांशेजारी चालायला लागलं. एक हात गिरणीवर ठेवून ती दुसऱ्या हाताने कार्ड निवडू लागली. फार सुखाचे दिवस होते ते.

असंच एका गुरुवारी आईला चक्कर आली. मावशींनी तिला बाकावर निजवून पाणी पाजलं. तेवढ्यात मैत्रिणीने कुणालाही न विचारता आईच्या मोबाइलवरून उरणला फोन लावून टाकला. मी तिच्यावर अशी उखडले! आई उठून बसली आणि ते कळल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा मला समजलं. बहिणीला सांभाळशील का, असं तिने मुलाला कधी विचारलं नव्हतं म्हणून त्याने नाही म्हटलं नव्हतं. तेवढ्यावरच तर ती जगत होती.

संध्याकाळी मुलगा आला. मी भांडायच्या तयारीतच होते. आईला बरं वाटतंय हे बघून तो आधी बहिणीपाशी गेला आणि त्यानेही आपला हात गिरणीवर ठेवला.

"बापाच्या होडीत आमी दोगंच जायचो," तो म्हणाला. "मशीनच्या फळीला कान लावून ही झोपायची. होडी इकली तवापास्नं हिला झोप न्हाय."

गिरणी चालूच होती, त्यामुळे प्रत्येकाला ओरडूनच बोलावं लागत होतं. दळण घेऊन आलेल्या बायकाही ऐकत उभ्या होत्या.

मैत्रीण ओरडली, "पुढे हिला कोण सांभाळणार?"

"म्हंजे काय? मी!" तो चिडलाच. "लगनाआधीच बायकोला बोललो, बहीण माज्याकडं ऱ्हाणार. मंजूर आसंल तरच हो म्हन. पन हिला इचारा, यील का ती."

बहिणीने त्याच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं.

"मला कदी बोलला न्हाईस," आई म्हणाली.

"तू कदी इचारलंस?"

आई रडेल असं मला वाटलं, पण रडली नाही. पदराने तोंडावरचं पीठ पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"येवढी वर्सं मी मराया भीत व्हते रं."