बसला वळसा घालणारे व्याही

आमच्या व्याह्यांइतका संशयी माणूस साताऱ्यात आजवर झाला नाही, आणि पुढे झालाच तर तो त्यांच्याच घराण्यात होईल. माझी एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिली आहे, म्हणून हे लिहिताना जरा मान खाली घालावी लागते. मुलाकडचे ते, मान त्यांचा. पण खरं ते खरं. फौजेतून सुभेदार होऊन बाहेर पडले त्याला कैक वर्षं लोटली, तरी त्यांच्या अंगावरचा पहारा उतरलेला नाही. दूधवाला दूध घालून गेला की एक थेंब नखावर घेऊन उन्हात धरतात. थेंब घरंगळला तर पाणी घातलं म्हणतात, आणि जागेवर थांबला तर म्हणतात, "आज थांबला. म्हंजे कायतरी येगळंच घातलंय." बाहेर पडताना कुलूप स्वतः लावतात, खाली आल्यावर सुनेला ते ओढून बघायला पाठवतात, आणि तिनं खरंच ओढलं का हे बघायला तिच्या मागनं जिना चढतात. सांगलीच्या एसटीत बसले की, पाटी सांगलीची, तिकीट सांगलीचं, तरी कराड येईपर्यंत शेजारच्याला विचारत राहणार, "ही सांगलीलाच जाती न्हवं?" तो हो म्हणाला की त्याच्याच तोंडाकडे बघत बसणार, हा एवढ्या लगेच हो का म्हणाला म्हणून. मिरजेला डोळे तपासायला मीच त्यांना घेऊन गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, भिंतीवरची अक्षरं वाचा. तर आमचे व्याही म्हणतात, "आधी तुमी वाचा."

मागच्या साली माझी बायको गेली. सांगलीत विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत मी एकटा राहिलो, तेव्हा लेक आली आणि मला साताऱ्याला घेऊन गेली. लेकीच्या घरी बापानं मुक्काम टाकायचा ही आमच्या पिढीला न पटणारी गोष्ट. त्यात दारात हे उभे. माझ्या पिशवीकडे बघून म्हणाले, "या पाव्हणं. किती दिवसाची तयारी?" मी मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांखाली उभा जन्म काढलेला, शाळा चौथीपर्यंत, गोड बोलायची सवय नाही. म्हटलं, "तुमचा संशय फिटंस्तवर ऱ्हातो." लेकीनं कपाळावर हात मारला.

त्यांचा सगळ्यात मोठा संशय इंग्रजीवर. त्यांचं म्हणणं असं की जगातली सगळी फसवणूक इंग्रजीत चालते. मराठीत कुणी फसवायला लागला तर त्याच्या आवाजावरनं कळतं. पण विम्याच्या कागदावर बारीक अक्षरात काय लिहिलंय, औषधाच्या बाटलीवर काय छापलंय, ते कोण सांगणार? पलटणीत असताना इंग्रजी कागद बाबू लिहायचा आणि हे सही करायचे, त्याचीही बोच होतीच. म्हणून ह्या वयात त्यांनी एका कॉलेजचा ऑनलाइन वर्ग धरला, इंग्रजीतून लिहायला शिकवणारा. मुलाचा जुना लॅपटॉप घेतला आणि पहिलं काय केलं, तर त्याच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली.

पहिल्या दिवशीचा वर्ग मी डोळ्यांनी बघितला. समोर एक तरुण बाई, पुण्याच्या. गोड आवाजात म्हणाल्या, "आजोबा, कॅमेरा चालू करा ना, तुम्ही दिसत नाही."

"आधी तुमी खऱ्या हाय ते दाखवा," व्याही म्हणाले. "हल्ली मशिनीतनं तोंडं काढत्यात."

"कसं दाखवू?"

"पाणी पिऊन दाखवा."

बाई बिचाऱ्या बाटली उघडून पाणी प्याल्या. मग ह्यांनी पट्टी काढली. टोपी घालून, ताठ बसून, जणू काही पंधरा ऑगस्टच्या परेडला.

लेख लिहायला लागले ते मात्र सगळे पोलिसांच्या पंचनाम्यासारखे. 'माझं गाव' ह्या विषयावर गावात कुणी कुणाचा बांध कोरला त्याची जंत्री. 'माझा शेजारी' ह्यात तर शेजाऱ्याला अटकच करायची बाकी होती: सदर इसम रोज सकाळी स्कूटर पुसतो, परंतु ती चालवताना कधीही दिसला नाही, सबब चौकशी व्हावी. हे मला कसं कळलं? प्रत्येक लेख पाठवायच्या आधी ते मला मराठीतून सांगायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. मला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी चोरणार नाही एवढी त्यांची खात्री होती.

बाई हुशार. त्यांनी लेखाखाली लिहून पाठवलं, की आजोबा, तुम्ही फार बारीक बघता, पण बघितलं की लगेच आरोप ठेवता. पुढच्या वेळी नुसतं बघितलेलं लिहा, आरोप घरी ठेवा. व्याह्यांना ह्यातही काहीतरी काळंबेरं दिसलं. "ही आपल्याला आरोप करू नको का म्हणती?" असं मला जेवताना विचारत होते. पण फौजी माणूस, हुकूम मोडायचा नाही. शेजाऱ्याचा लेख परत लिहिला. त्यासाठी आठवडाभर गॅलरीत उभे राहिले आणि शेवटी खाली जाऊन त्या माणसाशी बोलले. स्कूटर त्याच्या मुलाची निघाली. मुलगा परदेशात, चार-चार महिन्यांनी फोन करणारा. तो लेख त्यांनी सांगितला तेव्हा मलाच त्या शेजाऱ्याकडे जाऊन घोटभर चहा प्यावासा वाटला. आणि तेव्हाच मला भीती वाटायला लागली, की हा माणूस आता लिहायला लागला.

भीती खोटी नव्हती. एके दिवशी पालेभाजी निवडता निवडता मला विचारतात, "आमच्या विहीणबाई सांगलीत घरात कशा असायच्या?"

"कशा म्हंजे?"

"म्हंजे बोलायच्या का गप असायच्या?"

"तुमाला काय करायचंय?"

"सहज."

ह्या माणसानं आयुष्यात सहज काही विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी, त्या साताऱ्याहून परत आल्या की पहिल्यांदा काय करायच्या? तिसऱ्या दिवशी, प्रवासात त्यांना मळमळायचं का? आता संशय माझ्या अंगात शिरला. गेलेल्या बाईची ही एवढी चौकशी कशाला? मी लेकीला म्हटलं, तुझा सासरा माझ्या बायकोचा तपास करतोय. ती म्हणाली, "आण्णा, तुमी पण आता आबांसारखंच बोलायला लागला."

मग तो लेख आला. वर्गाचा शेवटचा, सगळ्यात जास्त मार्कांचा. इंग्रजीत विहीण ह्या नात्याला शब्दच नाही म्हणे, म्हणून त्यांनी 'सुनेची आई' असं लिहिलं होतं. लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेक ओळ मराठीत करून सांगायला लागले. सुनेची आई आमच्याकडे आली की परत जाताना मी तिला स्टँडवर सोडायला जायचो. फलाटाच्या बाजूची खिडकी रिकामी असली तरी ती पलीकडच्या खिडकीला जाऊन बसायची. मला वाटायचं, हिला आमचं तोंड बघायचं नसेल. एकदा मी बसला वळसा घालून पलीकडं गेलो. तिकडं नुसती भिंत होती. भिंतीकडं तोंड करून ती रडत होती. मला बघून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, ऊन लागतंय. त्या बाजूला सावली होती.

मी म्हटलं, "खोटं हाय."

"मी बघितलंय, पाव्हणं."

"माझी बायको रडणारी न्हवती. लेकीला वाटं लावली तवा मांडवात मी रडलो. तिनं मला पाणी आणून दिलं. साताऱ्यासनं आली की पिशवी ठेवायची आन् चूल पेटवायची. मार्कांसाठी कायबी लिहिता व्हय?"

ते उठून गेले. त्यानंतर आम्ही दोघं एका घरात राहून बोलत नव्हतो. सगळं लेकीमार्फत. "तुझ्या बापाला म्हणावं, चष्मा माझ्या खुर्चीवर हाय." "तुझ्या सासऱ्याला म्हणावं, खुर्चीवर नाव घातलंय का?" लेक दोघांच्या मधे उभी राहून भाकरी थापायची आणि कुणाचाच निरोप कुणाला द्यायची नाही, कारण आम्ही एकाच ओट्याजवळ उभे असायचो.

असं चाललेलं असताना कॉलेजचा मेल आला. शेवटचा लेख आधीच्या लेखांसारखा वाटत नाही. तो यंत्राकडून लिहून घेतल्याचा संशय आहे. समोर बसवून तोंडी विचारणा होईल. समाधान झालं नाही तर लेख बाद. व्याह्यांनी हे लेकीला वाचून दाखवलं आणि 'संशय' ह्या शब्दावर थांबले ते थांबलेच. दूधवाल्यापासून डोळ्याच्या डॉक्टरापर्यंत कुणाला न सोडलेला माणूस, पण हा शब्द कधी आपल्या अंगावर येईल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. दुसरी वेळ असती तर मी पोट धरून हसलो असतो. पण माझ्या डोक्यात वेगळंच सुरू झालं. लेख बाद म्हणजे भिंतीकडं तोंड करून बसलेली ती बाद. खोटं मीच म्हटलं होतं, आणि दुसऱ्या कुणी तसं म्हणावं हे मला सोसेना. रात्रंदिवस तीच खिडकी दिसायची.

विचारणेच्या सकाळी व्याही टोपी घालून बसले आणि लेकीला म्हणाले, "तुझ्या बापाला म्हणावं, साक्षीदार लागंल."

"मी तितं न्हवतो. मी कसली साक्ष देणार?" असं म्हणत मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो.

पडद्यावर बाई होत्या आणि एक चष्मेवाले साहेब. साहेबांनी इंग्रजीत बरंच विचारलं. व्याही अडखळत, पण न घाबरता उत्तर देत होते. घाम मलाच फुटला होता. मग साहेब मराठीत म्हणाले, "ह्या बाईंबद्दल तुम्ही एवढं लिहिलंय. त्यांचं नाव काय?"

व्याह्यांनी टोपी सारखी केली.

"नाव सांगा ना."

आता हे पुण्याच्या साहेबांना कसं कळावं? आमच्यात व्याही विहिणीचं नाव तोंडातून काढत नाही. विहीणबाई म्हणायचं, संपलं. व्याह्यांची मान खाली. साहेब बाईंकडे बघून म्हणाले, "बघा. जिच्यावर लेख, तिचं नावसुद्धा माहीत नाही." आणि काहीतरी लिहायला लागले.

मी तरी ते नाव कुठं घेत होतो? लग्नात बायकांनी दारात अडवलं तेव्हा उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पुढं सगळा संसार 'अगं' आणि 'ऐकलंस का' ह्यावर झाला. रेशनकार्डावर क्लार्कनं लिहिलं, दवाखान्यात लेकीनं सांगितलं. माझ्या तोंडाला त्या नावाची सवयच नव्हती. पण साहेबांचं पेन चालत होतं.

"अनुसया," मी म्हणालो. पेन थांबलं नाही म्हणून परत म्हणालो, "अनुसया. माझी बायको व्हती ती."

साहेबांनी वर बघितलं. "तुम्ही कोण? हे खरं आहे का, त्या रडत होत्या ते?"

"मी न्हवतो तितं," मी म्हटलं. "मला कवा दिसलं न्हाई. पर सायेब, हा माणूस सोताच्या नखावरच्या दुधावर इस्वास ठेवत न्हाई. ह्यानं बघितलं म्हंजे दोनदा बघितलं. आन् तुमी मशिनीचं म्हणता, तर मला सांगा, तुमची मशीन उठून बसला वळसा घालून पलीकडं जाती व्हय? एका बाईनं तोंड का फिरवलं ते बघायला?"

बाईंनी पटकन खाली बघितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ठीक आहे आजोबा," एवढंच म्हणाले. लेख राहिला.

लॅपटॉप मिटून व्याह्यांनी तो नीट मिटला का ते दाबून बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाव चांगलं हाय, पाव्हणं." लेक दारात उभी होती. ती आमच्या पुढ्यात चहा ठेवून आत गेली.

आता मी परत सांगलीला असतो. रोज दिवेलागणीला व्याह्यांचा फोन येतो. पुढचा वर्ग धरलाय म्हणे, आणि नवं काहीतरी लिहायला घेतलंय. विहीणबाई बाजारात भाव कसा करायच्या, पाहुण्यांपुढं हसायच्या का, असलं विचारतात. मी सांगतो, ते मधेच अडवतात, "नक्की का? का तुमच्या मनाचं?" मग मला परत आठवून सांगावं लागतं, आणि सांगता सांगता ती घरात वावरायला लागते.

काल मीच अडलो. ती चहा बशीत ओतून प्यायची, पण बशी कुठल्या हातानं धरायची ते काही केल्या मला आठवेना. इतकी वर्षं समोर बसून प्यालो आणि आठवेना. मी फोनवर तसाच बसून राहिलो.

मग व्याही हळूच म्हणाले, "डाव्या. उजव्या हातात पदराचा शेव असायचा." आणि थोडं थांबून, "तरीपण सूनबाईला इचारून खात्री करतो. फोन ठिवू नका, पाव्हणं."

मी ठेवला नाही.