चिकलठाण्याच्या वाटेवर गुळाचा खडा

रत्नागिरीहून बसने निघाले तेव्हा पर्समध्ये मधुमेहाच्या गोळ्या होत्या आणि डोक्यात डॉक्टरांचा सल्ला: रोज अर्धा तास भरभर चाला, दम लागला तरी बोलता आलं पाहिजे. छत्रपती संभाजीनगरला, मुकुंदवाडीत, माझी मावसबहीण शैला राहते. आठवडाभर तिच्याकडे राहायचं आणि नव्या मुलखात चालण्याची सवय लावून घ्यायची, असा बेत होता.

पहिल्याच सकाळी शैला झोपेत असताना गोळी घेतली आणि बाहेर पडले. नाश्ता आल्यावर करू म्हटलं. छोटंसं स्टेशन मागे टाकून चिकलठाण्याकडे निघाले. कोकणातल्या चढउतारांची सवय. इथली सपाट, मोकळी जमीन पाहून पाय थांबेनात. तासभर झाला. घाम फुटला, हात कापू लागले. व्यायाम अंगी लागतोय असं समजून मी वेग वाढवला.

मग दुकानांच्या पाट्या वाचता येईनात. अक्षरं ओळखीची, पण शब्द जुळेना. घर कोणत्या बाजूला, तेही आठवेना. रस्त्याकडेच्या माळावर एक बाई मेंढरं चारत होती.

"ताई, कुठं निघालात?"

"रत्नागिरीला," मी म्हणाले.

ती जवळ आली. "शुगर हाय का तुम्हाला? गोळी घेतली, अन् खाल्लं काहीच नाय?"

मी मान हलवली. तिने पिशवीतून गुळाचा खडा काढला.

"मला गोड चालत नाही."

"आत्ता चालतं. आमच्या मालकाला (नवऱ्याला) शेंद्र्याच्या कंपनीत असंच झालं व्हतं. खावा."

पुढचं मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा बाभळीखाली बसले होते, तोंडात गुळाची चव होती आणि ती बाई पदराने वारा घालत होती. नाव कौसाबाई. तिने मला भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्यमसाल्याची आमटी) खाऊ घातलं, मेंढरं जावेवर सोपवली आणि रिक्षाने घरापर्यंत आली.

तिसऱ्या दिवशी शैलाला घेऊन तिला भेटायला गेले. तिच्या मनगटावर ओरखडे होते. कशाचे, ते ती सांगेना. शैला फारच धरून बसल्यावर म्हणाली, "ताईंचेच. गूळ देताना ओरबाडलं. चोर म्हणाल्या मला. घाणेरडे, हात लावू नको म्हणाल्या."

मी तिचा हात हातात घेतला.

"तवा तुम्ही शुद्धीत नव्हता," ती मला म्हणाली. "आमच्या मालकानं तर मला हाणलं व्हतं. लई मनावर नका घेऊ."

रत्नागिरीत परतल्यावर डॉक्टरांनी समजावलं. साखर फार उतरली की माणूस भांबावतो, चिडतो. चालण्याआधी खा, गोड जवळ ठेवा. आता रोज खाऊन चालते, साखरही आटोक्यात आहे. पण जिचं नावही ठाऊक नव्हतं, तिच्यासाठी ‘घाणेरडी’ हा शब्द माझ्या तोंडात तयार कसा होता, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.