व्हय म्हाराजा

आमच्या वाडीचं गाऱ्हाणं घालायचा मान माझ्या शेजाऱ्याच्या घराकडे आहे. देवापुढे नारळ धरून तो गावासाठी मागणं मागतो आणि मागे उभे राहून आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणतो. गेल्या पावसाळ्यात त्याला झटका आला. उजवा हात लोंबला, बोलणं गेलं. तहान लागली तरी तोंडातून "ता, ता" एवढंच. डॉक्टर म्हणाले, बोलण्याचं काम मेंदूच्या डाव्या भागाकडे असतं, उजवा हातही त्याच्याच ताब्यात. मी ऐकून घेतलं, मानलं नाही. डोकं एकच असतं.

जत्रेला त्याने डाव्या हातात नारळ धरला आणि "बा देवा म्हाराजा" पासून सगळं गाऱ्हाणं न अडखळता घातलं. मग पायरीवर बसल्यावर बायकोने विचारलं, "काय होया तुमका?"

"ता."

मागून कोणीतरी हसलं, "देवाशी बोलता, बायलेशी नाय." त्याने डावी मूठ पायरीवर आपटली. मी डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं बहुतेक उजवा भाग सांभाळतो.

परवापासून माझ्या उजव्या बोटांना मुंग्या येतायत. घरात सांगितलेलं नाही. सून "दवाखान्यात चला" म्हणेल, आणि मी जन्मभर सगळ्यांना नाहीच म्हणत आलो. पण भीती वाटते. मला गाऱ्हाणं येत नाही. माझ्या तोंडात बसलंय ते फक्त "व्हय म्हाराजा". डावा भाग गेला, तर कोणी काहीही विचारलं तरी मी तेवढंच म्हणणार.