दाराशी उरलेली चप्पल

चिकलठाण्याच्या एका कंपनीत मधुसूदनराव स्टोअर सांभाळत. तिथं प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी, प्रत्येक किल्लीला रंगीत दोरा. घरीही तोच शिरस्ता. अशा घरात आठ वर्षांची नात संस्कृती म्हणजे भिंगरी. नळ उघडा टाकायची, भरल्या ताटावरून उठायची आणि एकाच पायात चप्पल घालून कुठंतरी निघून जायची.

दाराशी उरलेली चप्पल दिसली की त्यांच्या पत्नी उमाबाईंचा चेहरा पांढरा पडे.

मधुसूदनरावांचा धाकटा भाऊ पुंडलिक असाच होता. गंगापूरला एका दुपारी पतंगामागं धावला, तो कालव्यात बुडाला. दाराशी राहिली एक चप्पल; तेव्हा शेजारीच राहणाऱ्या उमाबाईंनी ती पाहिली होती. पुढं घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही, फोटो लावला नाही. मग या पोरीला ते नाकातल्या नाकात गुणगुणणं कुणी शिकवलं? तो उजवा खांदा उडवणं?

“भावजीच आलेत,” उमाबाई हळूच म्हणाल्या. “या वेळी पोरीला घेऊन जातील.”

त्यांनी दाराला बाहेरून कडी बसवली. शाळा बंद केली. अमावास्येला फुलंब्रीच्या देवऋषीकडं न्यायचं ठरलं.

“त्याआधी एकदा डॉक्टर,” सून चारुता अडून बसली. मधुसूदनराव सोबत गेले.

डॉक्टर राहतबाईंनी पुष्कळ विचारलं, तपासलं. मग म्हणाल्या, “ही बाधा नाही. लक्ष ठरत नाही, अंग ठरत नाही. मेंदूची घडणच तशी. पुष्कळदा रक्तातून येते. शाळा सोडवू नका. घरात आणखी कुणी असं?”

“नाही,” चारुता म्हणाली.

“पुंडलिक,” मधुसूदनराव म्हणाले. किती वर्षांनी ते नाव तोंडात आलं. “माझा भाऊ. दहाव्या वर्षी गेला.”

“मग काका, त्यांच्याकडून हिच्यापर्यंत कसं येईल?” डॉक्टरांनी विचारलं.

कुठंतरी बारीक टकटक चालू होती. संस्कृतीच असणार, असं मधुसूदनरावांना वाटलं. पण ती टेबलाखाली वाकून बघत होती.

“आजोबा, तुमचा पाय.”

त्यांनी गुडघा दाबून धरला. तो थांबेना. लहानपणी ते सारखी हरवायचे म्हणून आई त्यांच्या कमरेला किल्ली दोऱ्यानं बांधून द्यायची. दोरा सोडला तर आपलं काय उरतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

घरी येताच त्यांनी पेचकस मागितला आणि कडी काढायला घेतली.

“अहो, भावजी आले तर?”

“यायला गेलेत कुठं?”

उमाबाईंनी खाली पाहिलं. संस्कृतीच्या दोन्ही पायांत चपला होत्या. मधुसूदनरावांचा एक पाय अनवाणी होता.

कडी निघेपर्यंत उमाबाईंनी दार हलू नये म्हणून घट्ट धरून ठेवलं.