गोड बोलणारा दुकानदार

जळगाव जामोदच्या बी-बियाण्याच्या दुकानातला तो माणूस माझ्याशी फार गोड बोलतो, आणि तेच मला खटकतं. बोलताना त्याची नजर माझ्या तोंडाकडे नसते, हातातल्या मोबाइलकडे असते. बियाणं-औषधांच्या कंपनीच्या ॲपवर कोणत्या शेतकऱ्याने काय उघडलं, किती वेळ पाहिलं, हे त्याला त्यात दिसतं.

परवा मी नुसती बैलांसाठी सरकीची ढेप घ्यायला गेलो होतो. त्याने न विचारता फवारणीची बाटली माझ्यापुढे ठेवली.

"कपाशीवर गुलाबी अळी आली ना, गुरुजी?"

"तुले कोनं सांगतलं?"

"तुमीच! काल ॲपवर अळीचा फोटो मोठा करू करू पाह्यला ना? गिऱ्हाइकाची काळजी घ्या लागते, गुरुजी."

मी घरीसुद्धा अजून बोललो नव्हतो. राग आला, पण बाटली घेतलीच.

काल संध्याकाळी तोच माझ्या ओसरीवर येऊन बसला. चहा नको म्हणाला. खिशातून स्वतःच्या वावरातलं किडकं बोंड काढून त्याने गुडघ्यावर ठेवलं आणि हात पुढे केला.

"गुरुजी, तुमचा मोबाइल द्या जरा. ह्याच्यावरचं औषध पाहा लागते."

"काऊन बे, तुह्या मोबाइलले काय झालं?"

त्याने आधी रस्त्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"माह्यावर पाह्यलं तं कंपनीले समजते ना!"