झाकणबाई दारातच थांबतात

बाजारातले हॉटेलवाले तिला झाकणबाई म्हणायचे, अर्थात पाठीमागे. अन्न तपासणी खात्यातली ही बाई स्वयंपाकघरात शिरली की नमस्कार-चमत्कार नंतर, आधी पातेल्यावरचं झाकण उचलायची. मग फ्रीजमागची धूळ, मग आचाऱ्याची नखं. ती गल्लीच्या टोकाला दिसली तरी भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. विचारायचा प्रश्नच नव्हता; हॉटेल, बेकरी, गोदाम, कुठेही सरळ आत जायची मुभा तिला कायद्यानं दिलेली. चहाचा घोट मात्र कुणाकडे घ्यायची नाही. तपासायला गेलेल्या ठिकाणी पाणीसुद्धा नको!

राहत्या घराचं तसं नव्हतं. तिथे कुणी विकायला पदार्थ करत असलं, तरी आत जायला घरच्यांचा होकार लागायचा, नाहीतर न्यायालयाचा आदेश. नव्या सहकाऱ्यांकडून ती हे अगदी घोकून घ्यायची. आणि अहो, हीच बाई भावाच्या घरी नेमकी घसरली! भाचीच्या वाढदिवसाला सगळे गप्पांत रंगलेले. ही पाणी प्यायला म्हणून आत गेली, सवयीनं फ्रीज उघडला, केकवरच्या क्रीमचा वास घेतला आणि अख्खा केक उचलून कचऱ्याच्या डब्यात घातला. क्रीम बिघडलेलं होतं, खोटं कशाला बोला. पण मेणबत्त्या घेऊन उभ्या असलेल्या त्या पोरीचा चेहरा बघवत नव्हता. वहिनी एवढंच म्हणाली, "वन्सं, हे माझं घर आहे." त्यानंतर त्या घरातून बोलावणं आलं नाही. भाऊ अधूनमधून एकटाच येऊन जायचा. झाकणबाई वरवर हसून वेळ मारून न्यायची, पण वहिनीशी तासन् तास गप्पा मारायची सवय तिला, फार चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

पुढे वहिनीनं घरातच पाव-बिस्किटं भाजून विकायला सुरुवात केली. धंदा जरा कुठे बाळसं धरतोय तोच खात्यात तक्रार आली: भट्टीच्या खोलीत मांजर फिरतं. झाकणबाईनं ती सहकाऱ्याकडे सोपवली. नात्यातलं काम आपण करायचं नाही, हा नियम. सहकारी गेला आणि तोंड पाडून परत आला. वहिनीनं त्याला दारातूनच वाटेला लावलं होतं: "आदेश घेऊन या, मग बघू."

आता आली का पंचाईत! आदेश म्हटला की सोबत पोलीस येणार, जिन्यात बघे जमणार. मग तपासणीत काही सापडो न सापडो, वहिनीकडचा पाव घेणार कोण? संध्याकाळी झाकणबाई तडक भावाच्या घरी गेली. बेल वाजवली आणि पायपुसण्याच्या अलीकडेच उभी राहिली.

वहिनीनं दार अर्धवट उघडलं. "तुम्हीच पाठवलंत ना त्याला?"

"मीच. तक्रार दडपली असती तर लोक म्हणाले असते, नणंदेनं पांघरूण घातलं. मग तुमच्या चांगल्या पावावरही कुणाचा विश्वास बसला नसता. त्याला येऊ द्या, वहिनी. तुम्ही हो म्हणालात तर एकटा येईल, गाजावाजा नाही."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर. पायरीवर."

वहिनीनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही? बाहेर? जमेल?" आणि दोघींनाही फस्सकन हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सहकारी आत गेला. झाकणबाई जिन्यात बसून राहिली. आत काहीतरी धाडकन पडलं, तरी बाई जागची हलली नाही. शेवटी सहकारी बाहेर आला. मांजर होतं, पण शेजाऱ्यांचं, आणि तेही खिडकीबाहेरच्या कठड्यावर ऐसपैस पसरलेलं. खिडकीला जाळी लावा, एवढीच सूचना. बाकी सगळं लख्ख.

तो जिना उतरून गेल्यावर आतून हाक आली, "वन्सं, ताटं वाढलीत. या की!"

ती उठली, उंबऱ्यापाशी आली आणि थबकली. "येऊ?"

"विचारता काय? तुमच्या भावाचं घर आहे."

"भावाचं राहू द्या हो. स्वयंपाकघर तुमचं. तुम्ही सांगा."

वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं पिठाच्या हातानंच नणंदेचं मनगट धरलं आणि तिला आत ओढलं.