आभाराची ओळ

नागनाथ गेल्याची बातमी छापखान्यात दुपारी आली. गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. निरोप्या दारातच उभा राहिला, अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांचे हात थांबले... अंक मात्र ठरल्या वेळी निघाला. त्याला आता पाच आठवडे झाले.

सोलापुरातल्या आमच्या साप्ताहिकात मी बातम्या लिही आणि नागनाथ त्या जुळवी. दुखवट्याच्या निवेदनाखाली छापायची ‘सर्वांचे आम्ही आभारी आहोत’ ही ओळ त्याने कायमची जुळवून, सुतळीने बांधून ठेवली होती. निवेदन आले की वरचा मजकूर तेवढा बदलायचा. “आभार आपल्याकडं तयार असत्यात,” तो म्हणे. चाळिशीत त्याची नजर अधू झाली. ‘घ’ आणि ‘ध’ यांत गल्लत होऊ लागली. चष्म्याने फरक पडला नाही. दिवाळीपर्यंत पाहू, पुढे नाइलाज आहे, असे मालकांनी सांगितले. त्या श्रावणात त्याने गाणगापूरला पायी जाऊन दत्ताकडे डोळे मागायचे ठरवले. माझे आजोळ मैंदर्गीचे, कानडी मला येत होती. म्हणून सोबतीला मी.

होटगी सोडली तेव्हा भुरभुर होती. अक्कलकोटनंतर पावसाने धरले, ते सोडलेच नाही. काळ्या रानाचा चिखल चिकटून वहाणा उचलेनात, तेव्हा त्या हातात घेतल्या. मैंदर्गीच्या अलीकडे एका वस्तीवर थांबलो. घरात एकटी म्हातारी. कोरडे जळण तिच्याकडे थोडेच होते. आमची धोतरे वाळावीत म्हणून तिने ते सगळे चुलीत घातले. भाकरी दिली. निघताना नागनाथने हात जोडले आणि म्हणाला, “आभारी आहे.” इतकी वर्षे जुळवलेला शब्द त्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

“आ भार?” म्हातारीने विचारले. कानडीत त्याचा अर्थ ‘ते ओझे?’ असा होतो. तिने कोपऱ्यातल्या त्याच्या भिजून जड झालेल्या गाठोड्याकडे पाहिले आणि मी काही सांगण्याआधी ते डोक्यावर घेऊन पावसात चालूही लागली.

“अण्णा, काय करायली ही? गाठोडं घिऊन पळती का काय?” नागनाथने मला विचारले.

“तूच ओझं उचल म्हणालास तिला.”

“मी? कवा?”

वाटेत मी तिला चूक समजावली. ती हसली, पण गाठोडे दिले नाही. “इरली, इरली,” म्हणाली. म्हणजे असू दे, असू दे. ओढ्यापर्यंत तिने ते नेले, पाणी ओलांडायचा उतार दाखवला आणि माघारी वळली. काठावर नागनाथने गाठोडे उचलले आणि विचारले,

“कानडीत आभार कसं म्हनायचं?”

“म्हणत नाहीत. आपल्यात तरी कोण म्हणतं?”

“मी म्हनलो की. आन् वर ओझं बी दिलं.”

गाणगापुरात तो पादुकांपुढून बाहेर आला तेव्हा मी विचारले, डोळे मागितलेस ना?

“ऱ्हायलंच की... म्हातारीचंच सांगत बसलो.”

डोळे सुधारले नाहीत. दिवाळीनंतर मालकांनी त्याला मोठ्या टाइपातल्या मथळ्यांवर ठेवले आणि बारीक मजकूर दुसऱ्याकडे गेला. पण परतल्या दिवशीच त्याने सुतळी सोडून ती ओळ मोडली होती आणि खिळे पेटीतल्या ज्याच्या त्याच्या घरात टाकले होते. आभाराची ओळ, बारीक टाइपातली असूनही, त्याने पुढे कोणाला दिली नाही. दर वेळी एकेक खिळा बोटाने चाचपून तो ती नव्याने जुळवी. वेळ लागे. आम्ही थांबत असू.

गेल्या आठवड्यात त्याची पत्नी निवेदन घेऊन आली. नागनाथच्या जागी आलेल्या नव्या माणसाने ते जुळवले, छापून झाल्यावर शेवटची ओळ बाजूला काढली आणि म्हणाला, “अण्णा, ही तर नेहमीच लागती. बांधून ठिवू का?” त्याचा हात खुंटीवरच्या सुतळीकडे गेला होता. नागनाथने सोडून टांगलेली ती सुतळी गाठीच्या जागी अजून मुरडलेली आहे.

मी म्हणालो, “मोड.”

सुतळी खुंटीलाच आहे.